बहिणीच्या पानावरचा आकडा

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचयाची वेबसाइट मी बनवली, यात माझी हुशारी काही नव्हती. सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यात मी पंचिंग करतो. म्हणजे साडीवरची नक्षी कॉम्प्युटरवर टाका टाका करून मांडायची आणि मशीनला द्यायची. मंडळाच्या लोकांच्या हिशेबी कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरमधलं सगळंच येतं. उधन्याच्या हॉलमधल्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की पुस्तिका छापण्याऐवजी आता साइट करू, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ठराव झालाही होता.

ती पुस्तिका मला लहानपणापासून माहीत होती. सुरतेत राहणाऱ्या खान्देशी घरांतली लग्नाची मुलं-मुली, फोटो, उंची, शिक्षण, मामाचं गाव, खाली फोन नंबर. मेळाव्यात ती मिळायची आणि मग वर्षभर घराघरांतून फिरायची. आमच्या चाळीत एकच प्रत तीन मजले वापरत. कोणाच्या पेनानं फुल्या केलेल्या, कोणी पान दुमडलेलं, कोणी फोटोशेजारी ‘मुलगा मामाकडे विचारावा’ असं लिहिलेलं. गावाकडे अमळनेर-पारोळ्याला जाणाऱ्या माणसाबरोबर ती पुढे जायची आणि बहुतेक परत यायची नाही. किती लोकांनी ती पाहिली हे कोणी कधी मोजलं नाही. पण लग्नं जमत होती.

साइटसाठी मी तयार साचा घेतला. त्यात प्रत्येकाच्या पानाखाली डोळ्याचं छोटं चिन्ह होतं आणि त्यापुढे आकडा, हे पान किती वेळा उघडलं गेलं त्याचा. तो काढून टाकणं पाच मिनिटांचं काम होतं. पण दिसायला बरा दिसत होता, म्हणून राहू दिला. पुढचं सगळं माझ्या त्या आळसातून झालं.

सगळ्यात आधी भरलेल्या पानांत माझ्या बहिणीचं पान होतं. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. उधन्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करते. दोन वर्षांपूर्वी तिची सुपारी फुटली होती, म्हणजे दोन्हीकडच्या चार माणसांसमोर लग्न पक्कं झालं होतं. चार महिने तो मुलगा आणि ती फोनवर बोलत होते. मग त्याच्या घरून निरोप आला की आमचा विचार बदलला. कारण कोणी सांगितलं नाही. वडिलांनी विचारलंही नाही, ते त्यांच्या स्वभावात नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गोष्टीचा उच्चार बंद झाला. वडील चाळीस वर्षं उधन्याच्या कारखान्यात लूम चालवून घरी बसलेले. घरातलं घरात राहावं, असं त्यांना वाटतं. पण आमच्या समाजात घरातलं घरात राहत नाही. पाहुणे यायचे, मुलगी पसंत करायचे, चहा-पोहे घेऊन जायचे आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन लागेनासा व्हायचा. कोणाच्या तरी मावशीनं सांगितलेलं असायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा झाल्यावर बहीण ड्यूटीवर गेली ती रोजच्यासारखीच गेली, म्हणून तिला काही वाटलं नसावं असं आम्ही धरून चाललो.

मी तिचं पान भरत होतो तेव्हा ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. म्हणाली, “भाऊ, खाली एक लाइन टाक. सुपारी झाली होती, मोडली. ज्याला चालेल तोच येईल.”

वडील पलंगावर बसून ऐकत होते. म्हणाले, “ते कसाले लिखानं? लोके इचारतीन तवय देखू.”

वडील आंघोळीला गेल्यावर मी तिला हळूच म्हटलं, टाकतो. खोटं बोलायचा इरादा नव्हता. वडिलांचा मूड बरा असताना टाकू, असं मनात होतं. पण वडिलांचा मूड बरा झाला, की तो कशाला बिघडवा असं वाटायचं. असे आठ महिने गेले.

मूड बरा व्हायला कारण होतं तो आकडा. वडिलांच्या फोनवर मीच बहिणीचं पान उघडून दिलं आणि डोळ्याचं चिन्ह म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं की लोक बघतात आणि आकडा वाढतो. रोज मी कारखान्यातून आलो की चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा, “आज कितला उनात?” म्हणजे आज किती जण आले. जसे काही ते सगळे जिना चढून दारापर्यंत आले होते. मी आकडा सांगायचो. वडील मान डोलवायचे आणि आईकडे बघायचे. दोन महिन्यांत आकडा चार अंकी झाला, तेव्हा त्यांनी शेजारच्या बिऱ्हाडांना पेढे वाटले. कशाचे पेढे, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

याच दिवसांत आत्यानं एक स्थळ आणलं. मुलगा सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या एका डाइंग कारखान्यात सुपरवायझर, घर साधं, माणसं सरळ. आत्यानं सुपारीचं आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांची हरकत नव्हती. असं स्थळ दोन वर्षांत पहिलंच. वडिलांनी त्यांना कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. आत्या भांडायला आली तेव्हा म्हणाले, “एवढा लोके देखी ऱ्हायनात, मंग घाई कसाले?”

“पोर तीसले टेकनी,” आई आतून म्हणाली. “तुम्ही कितला दिन वाट देखशात?”

वडिलांनी फोन पुढे करून तिला आकडा दाखवला. आईला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. ती पुन्हा आत वळली. सचिनच्या त्या मुलाचं महिनाभरात दुसरीकडे जमलं. मी त्या बोलण्याच्या वेळी तिथेच होतो आणि मीही वडिलांना अडवलं नाही, कारण मनातून मलाही वाटत होतं की एवढे लोक बघताहेत तर यातून काहीतरी निघेल. आकडा मी बनवलेल्या साइटचा होता. त्याच्यावर माझा थोडा जीव जडला होता, हे कबूल करायला हवं.

मंडळाचंही तेच झालं. वर्षाच्या बैठकीत अध्यक्षांनी साइटच्या एकूण भेटींचा आकडा वाचून दाखवला आणि पुस्तिका कायमची बंद झाल्याचं जाहीर केलं. दोन म्हाताऱ्या बायका मागून म्हणाल्या की आम्हाला पुस्तकच बरं होतं. त्यांना कोणीतरी सांगितलं की पुस्तक पाचशे घरांत जायचं, हे हजारोंत जातं. मग एका सदस्यानं मला विचारलं की हे लोक कोणत्या गावचे ते कळेल का, म्हणजे पुढचा मेळावा तिकडे घेता येईल. मी म्हटलं, बघतो.

बघायचं म्हणून मी पहिल्यांदा साइटच्या आत जी नोंद होते ती उघडली. कोणत्या वेळी, कोणत्या जोडणीवरून, कोणत्या प्रकारच्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून पान उघडलं गेलं, त्याच्या ओळीच्या ओळी. गाव दाखवणारा एक तक्ताही होता. त्यात सगळ्यात वर मुंबई, मग अहमदाबाद, मग परदेशातली दोन-तीन शहरं, ज्यांची नावं आमच्यात कोणी ऐकली नव्हती. सुरत खूप खाली. धुळं-जळगाव जवळजवळ नाहीच.

अध्यक्षांना हे फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. “अरे, फॉरेनहून लोक बघतात म्हणजे काय नानी वात आहे का?” नानी वात म्हणजे गुजरातीत छोटी गोष्ट. त्यांच्या पुतणीचंही पान साइटवर होतं. आठवडाभरात समाजात बातमी पसरली की परदेशातली स्थळं आपल्याकडे बघतायत. एका घरानं मुलीचा पासपोर्ट काढायला टाकला.

मला मात्र ते पचेना. आमच्या धंद्यात डिझाइनचा भाव टाक्यांवर ठरतो, आणि टाके वाढवायचे असले की नक्षीच्या खालून भरतात, वरून कोणाला दिसत नाहीत. त्यामुळे मोठा आकडा दिसला की खाली काय भरलंय हे बघायची मला सवय आहे. ती सवय या कामात इतके महिने कुठे गेली होती, कोण जाणे. एका रविवारी दुपारी मी जेवून बसलो आणि ओळ ओळ वाचायला घेतली.

परदेशातल्या भेटी माणसांच्या नव्हत्याच. शोध घेणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम असतात, ते दिवसभर जगातल्या सगळ्या साइटींची पानं उघडून नोंदवत फिरतात. त्यांना आमच्या मुलींच्या उंचीशी काही घेणंदेणं नसतं. मुंबई आणि अहमदाबाद हे मोबाइल कंपनीचं कारस्थान निघालं. मी उधन्यात बसून माझ्या फोनवरून साइट उघडली तर नोंद झाली मुंबईची. पुन्हा उघडली तर अहमदाबादची. फोन कंपनी तिची जोडणी जिथून बाहेर काढते, तेच गाव धरलं जातं. उधन्यातला माणूस, त्याच्या शेजारचा माणूस, गावाकडचा त्याचा मेव्हणा, सगळे मुंबईकर झाले होते. शिवाय कोणी एखादं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलं की फोटोची लहान चौकट दाखवण्यासाठी ते अ‍ॅपच एकदा पान उघडून येतं, माणूस उघडो न उघडो. तीही भेट धरलेली.

आणि उलटही होतं. एकाच्या फोनवर पान उघडून सहा जणांनी पाहिलं तर भेट एक. एकानं पानाचा फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकला, तिथे दोनशे माणसांनी पाहिला, तर भेट शून्य. म्हणजे जे बघत नव्हते ते मोजले जात होते आणि जे बघत होते ते सुटत होते.

अध्यक्षांना हे सगळं मी घरी जाऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मशीन असो का माणूस, आकडा तर आला ना? तू कोणाला बोलू नको.” मी पुढच्या बैठकीत बोललो. फार कोणाला आवडलं नाही, पण पुस्तिका पुन्हा सुरू झाली.

घरचा हिशेब मी त्याच रविवारी केला होता, फक्त तो बाहेर कोणाला सांगितला नव्हता. बहिणीच्या पानाच्या भेटी वेगळ्या काढल्या. प्रोग्राम वगळले तेव्हा अर्ध्याहून अधिक आकडा गेला. उरलेल्यातला मोठा भाग एकाच जुन्या फोनचा होता. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, कधी कधी पाच मिनिटांत सहा वेळा. तो फोन वडिलांचा. आकडा वाढला का ते बघायला ते पान उघडत होते, आणि उघडलं की आकडा वाढत होता. सचिनचं स्थळ ज्यांच्या जोरावर सोडलं, त्या माणसांत सगळ्यात मोठा वाटा माझ्या वडिलांचा होता. मला हसू आलं.

सगळं वगळल्यावर तळाशी ज्या थोड्या ओळी राहिल्या, त्यांत एक ओळ नेमानं येत होती. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, पुढेमागे एखादं मिनिट. रविवार सोडून रोज. साइट सुरू झाली त्या आठवड्यापासून. प्रत्येक वेळी पान उघडलं जायचं आणि अर्ध्या मिनिटात बंद. दुसऱ्या कोणाचं पान त्या फोननं कधीच उघडलं नव्हतं. जोडणी बहिणीच्या हॉस्पिटलची होती.

मला वाटलं, सापडलं. हॉस्पिटलमधलं कोणीतरी. डॉक्टर असेल, औषधाच्या काउंटरवरचा असेल. जेवणाच्या सुट्टीत रोज एकदा तिचं पान बघतो आणि बोलायची हिंमत होत नाही. तासभरापूर्वी मी वडिलांच्या भोळेपणावर हसलो होतो, आणि आता अर्ध्या मिनिटाच्या एका ओळीवरून अख्खा नवरामुलगा उभा केला होता. त्याची नोकरी पक्की आहे की कंत्राटी, इथवर मी पोचलो होतो.

बहीण स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, “तुझ्या हॉस्पिटलात कोणीतरी आहे. रोज सव्वाच्या सुमाराला तुझं पान बघतो.”

“मीच बघते,” ती म्हणाली. कढईतून नजर वर केली नाही.

“तू? कशाला?”

“तू बोलला होता ना टाकतो म्हणून. लंचला बसते तेव्हा बघते, टाकलं का.”

तिच्या आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं. राग नव्हता. आठ महिने, रविवार सोडून रोज, ती डबा उघडायची, पान उघडायची, खालपर्यंत जायची, ओळ नाही हे बघायची आणि बंद करायची. घरी आल्यावर मला एकदाही विचारायची नाही. आणि संध्याकाळी मी ती तिची भेट आकड्यात धरून वडिलांना सांगायचो, तिला मागणी आहे म्हणून. मला इतकी लाज आयुष्यात क्वचित वाटली असेल.

मी तिथेच मोबाइलवर पान उघडलं आणि म्हटलं, सांग काय लिहू. तिनं हात पुसले, एकदा सांगितलं, मी लिहिलं. सुपारी झाली होती, चार महिन्यांनी मोडली, मुलाकडून मोडली, कारण कळलेलं नाही. डोळ्याचं चिन्हही काढून टाकलं, तिच्या पानावरूनच नाही, सगळ्यांच्याच.

वडिलांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. आकडा नाही म्हणून आधी मला हाक मारली, मग ती ओळ दिसली. ते माझ्याशी दोन आठवडे बोलले नाहीत. मीही समजूत काढायला गेलो नाही. आतल्या नोंदीत सोमवारी एक वाजून दहा मिनिटांची ती भेट आली. मंगळवारी आली नाही, आणि त्यानंतर कधीच आली नाही.

दोन महिने फोनही फारसे आले नाहीत. मग एक घर बघायला आलं. उधन्यातलंच, मुलगा रेल्वेत, बरोबर त्याची आई आणि काका. ते स्थळ पुढे जमलं नाही हे आधीच सांगून टाकतो. मुलाची बदली वलसाडच्याही पुढे झाली आणि बहिणीला हॉस्पिटल सोडायचं नव्हतं. पण त्या दुपारचं मला अजून सगळं आठवतं.

साइट त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांच्या शेजारणीनं तिच्या फोनवर पाहून एका कागदावर सगळं उतरवून दिलं होतं, सुपारीच्या ओळीसकट. तो घडी केलेला कागद मुलाच्या आईच्या हातात होता. बहीण चहाचा ट्रे ठेवून नेहमीसारखी आत जायला वळली, तर त्या बाईनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. वडील लगेच मुलाच्या काकांशी गावाकडच्या पावसाबद्दल बोलायला लागले. काका मात्र इकडे ऐकत होते.

“ते मोडनं तवय तुले कसं वाटनं, बेटा?” मुलाच्या आईनं विचारलं.

खोलीत आम्ही घरचे तिघे होतो. आई दाराशी, वडील पलंगावर, मी खिडकीपाशी. अडीच वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणी तिला विचारला नव्हता. आम्ही विचारलं होतं ते एवढंच, की लोकांना काय सांगायचं.

बहिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मला वाटलं, काही नाही वाटलं असं म्हणेल.

“माले तो आवडे,” ती म्हणाली.

मग ती बराच वेळ बोलत होती, अगदी शांतपणे, त्या परक्या बाईशी. तो फोनवर काय बोलायचा, कोणत्या गोष्टीवर हसायचा, निरोप आला त्या दिवशी लॅबमध्ये तिच्या हातून एका म्हाताऱ्या माणसाची शीर तीनदा कशी चुकली आणि तो माणूस काही न बोलता दुसरा हात पुढे करून कसा बसला. आम्ही तिघंही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.